थडग्यातला हिंगूळ

१

खोका उघडला तेव्हा आत पिन नव्हती. पांढऱ्या कागदाचं अस्तर होतं, पिनेच्या आकाराचा खळगा होता आणि त्या खळग्यात एक फिकट गुलाबी डाग होता. बस्स, एवढंच.

पिन म्हणजे साडीला लावतात ती पिन नव्हे हो. कामानं तीच, पण वीतभर लांब आणि थाटाची. इट्रुस्कन नावाचे लोक इटलीत राहायचे, रोम अजून झोपड्यांचं गाव होतं तेव्हा. त्यांच्या एका बाईनं सत्तावीसशे वर्षांपूर्वी खांद्यावरचं वस्त्र अडकवायला ही सोन्याची पिन वापरली म्हणे. वर सिंहांच्या दोन रांगा, आणि ते सिंह खसखशीहून बारीक सोन्याच्या रव्यांनी भरलेले. दुबईतल्या या खासगी संग्रहालयाची सगळी ऐट त्या पिनेवर होती.

"खलास," संचालिका सुमैय्या मॅडम एवढंच म्हणाल्या. त्या चिडल्या की आवाज चढवायच्या नाहीत, उलट उतरवायच्या.

विभावरी टिपणीस खोक्यापाशी वाकून उभी होती. वस्तूंची डागडुजी, साफसफाई, तब्येत हे सगळं तिचं खातं. सहा वर्षं ती इथे होती. काल ती रजेवर होती, लेकीच्या शाळेत मीटिंग होती म्हणून. आणि बरोबर कालच संध्याकाळी पाच वाजता पिन गॅलरीतल्या कपाटातून काढून पॅकिंगच्या खोलीत नेली होती. उद्या इटलीहून तज्ज्ञ येणार होते, धातू तपासायचं यंत्र घेऊन. पिन बांधताना तिघं हजर होते: क्युरेटर सूर्यकांत देवस्थळी सर, नोंदी ठेवणारा नीरव आणि खोका बांधणारा बाबाजी.

"लॉग बघितला मी," सुमैय्या मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. "पॅकिंगची खोली आज सकाळी सहा चाळीसला उघडली. बाबाजीच्या कार्डानं."

"सहा चाळीस!" देवस्थळी सरांनी कपाळावर हात मारला. "मी तेव्हा घरातून निघालोही नव्हतो. अल नहदाहून इथवर दीड तास ट्रॅफिकमध्ये रखडलो. आठ वीसला जेमतेम पोचलो. बाबाजी असं करेल असं वाटलं नव्हतं गं विभा."

विभावरीला त्यांची दया आली. अडुसष्ट वर्षांचा माणूस. पुण्यात तिला शिकवणारे, इथे नोकरीला बोलावून घेणारे, तिचे वडील गेले तेव्हा पहिलं विमान पकडून आलेले. ती स्वतः साडेआठला आली, तेव्हा त्यांची पांढरी गाडी आवारातल्या एकुलत्या एका कडुनिंबाखाली दिसली होती. ऑगस्टमध्ये त्या सावलीसाठी सगळ्या स्टाफची रोज मारामारी. आज सरांच्या नशिबात सावली आहे, चांगलं झालं, असं तिला वाटलं होतं.

"इमारतीबाहेर पिन गेलेली नाही," सुमैय्या मॅडम म्हणाल्या. "दोन्ही दारांवर बाहेर जाताना यंत्र आहे, सोनं असेल तर ते बोंबलतं. सगळ्या खोल्या शोधतोय."

"विभाची खोली तेवढी राहू द्या," सर म्हणाले. "तिच्या टेबलावर मातीच्या पेटीचं काम ओलं आहे, धूळ उडाली तर वाया जाईल. आणि तिच्यावर कोण संशय घेणार?"

मॅडमनी मान डोलावली. मग विभावरीकडे वळल्या. "बाबाजी फक्त तुझ्याशी नीट बोलतो. एक वाजता पोलीस त्याला घेऊन जातील. त्याआधी त्याला सांग, पिन कुठे आहे ते बोल म्हणून."

घड्याळात दहाला पाच कमी होते.

२

बाबाजी पँट्रीत स्टुलावर बसला होता. वेंगुर्ल्याचा माणूस, पन्नाशीचा, सोनापूरच्या मजूर-कॅम्पात एका खोलीत आठ जणांबरोबर राहणारा. आजवर एकही वस्तू त्याच्या हातून फुटली नव्हती. खोका बंद करण्याआधी आतल्या वस्तूला नमस्कार करायची त्याची सवय. रोमन देव असो की फुटका माठ.

"मॅडम, देवाशपथ, मिया हात लावूक नाय तेका."

"मग सहा चाळीसला तुम्ही इथे काय करत होतात? तुमची बस तर सातला येते ना?"

 बाबाजी हळूच म्हणाला, "भाजीच्या गाडीतसून इलंय, सव्वासहाक. लेकीची, समिधाची, आज नर्सिंगची ॲडमिशन. बायल नर्मदा म्हणाली, पोरीक निघताना तुमचा तोंड दिसूक व्हया. कॅम्पात नेट मिळणा नाय. हयच्या मागच्या पायऱ्यांवर वायफाय गावता. थय बसान व्हिडिओवर बोललंय."

"आणि कार्ड?"

त्यानं हनुवटीनं दाखवलं. पँट्रीच्या भिंतीवर खिळा होता, त्यावर त्याच्या जेवणाची पिशवी आणि कार्ड. वजन उचलताना गळ्यातलं कार्ड वस्तूला घासतं, म्हणून तो ते खिळ्याला लावून ठेवायचा. आज सकाळी आल्याबरोबर लावलं होतं तसंच. ही सवय सगळ्या स्टाफला ठाऊक होती.

"मॅडम, माका परत पाठवतले?"

"परत पाठवणं वेगळं, बाबाजी. इथे चोरीचा आळ म्हणजे आधी तुरुंग."

बाबाजी रडला नाही. त्यानं मोबाइल पुढे केला. नर्मदाचा मेसेज होता, ॲडमिशन झाली म्हणून, आणि कॉलेजच्या फाटकाशी उभ्या समिधाचा फोटो. "तेंका आज काय सांगू नकात," तो म्हणाला. "आजचो दिवस जाऊंदे."

 चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, तिला मनोमन पटलं. पण पटून काय उपयोग? चोर दाखवायला हवा.

"काल पिन नेताना काही वेगळं झालं का? आठवा बरं."

"काय्येक नाय. मागच्या कॉरिडॉरचो एसी बंद, तीन दिस झाले. गॅलरीत कसला थंड आणि भायर भट्टी. पिन भायर काढली तशी तिका घाम फुटलो. देवस्थळी सर म्हणाले, पुसू नको, तशीच ठेव. ठेवली."

हे मात्र दुबईत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं येतं, तसंच थंड सोन्यावर दमट हवेचं पाणी जमलं. म्हणजे पिन खोक्यात ठेवली तेव्हा ओली होती. विभावरीनं ते डोक्यात नोंदवून ठेवलं.

३

नीरवच्या खोलीकडे ती गेली आणि दारातच थबकली. त्याच्या कीबोर्डशेजारी गुलाबी कागदाची पुडी पडली होती.

तो गुलाबी कागद कुठल्या मराठी बाईला ओळखता येणार नाही? सोनार दागिना देतो तो याच कागदात. आईच्या कपाटातल्या डब्यात याच कागदाच्या पुड्या असायच्या, आणि पावसाळ्यात हात लावला की बोटं गुलाबी व्हायची.

नीरव हसला, पण ते हसू कडू होतं. "आइए मॅडम. सुबह से सब लोग ये पुडी देख के जा रहे हैं. मेरे पापा की गोल्ड सूक में सोने की दुकान है, तो मैं चोर हो गया?"

"उघड बघू."

आत बहिणीसाठी घेतलेली चेन होती. तिनं कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकला. गुलाबी रंग झरझर उतरला. खळग्यातल्या डागाची छटा अगदी हीच!

"पण तूच घेतली असतीस," ती विचार करत म्हणाली, "तर हा कागद टेबलावर मिरवत ठेवला नसतास."

"थँक यू. इतना दिमाग सबके पास होता तो! मैं तो साढे सात बजे आया, मॅडम. और क्या मिला? धूप में पार्किंग! वो पेड के नीचे तो पहले से ही गाडी खडी थी. आज का दिन ही खराब है."

तो पुढेही बरंच बडबडत होता. विभावरीचं लक्ष उडालं होतं. तिच्या डोळ्यांपुढे तो डाग होता. पुडीचा कागद लागून डाग पडला असता, तर तो पसरट, घडीच्या रेघांचा पडायला हवा होता. खळग्यातला डाग तसा नव्हता. तो कसा होता ते नीट बघायला हवं होतं.

साडेअकरा वाजले होते.

४

पॅकिंगच्या खोलीत तिनं खळग्यावर भिंग धरलं.

डाग ठिपक्याठिपक्यांचा होता. दोन रांगा. सिंहाची पाठ, सिंहाची शेपटी, पुन्हा पाठ, पुन्हा शेपटी. रव्यांच्या मधल्या फटींतून पाणी झिरपलं होतं आणि सोबत रंग घेऊन उतरलं होतं. म्हणजे गुलाबी रंग कागदाचा पिनेला लागला नव्हता. पिनेच्या अंगातूनच तो कागदाला लागला होता.

आणि तो रंग तिनं सहा वर्षांपूर्वी पाहिला होता.

नवीन नोकरी होती. तिनं पिनेचा तब्येतीचा अहवाल लिहायला घेतला, तेव्हा रव्यांच्या फटींत लालसर कण दिसले. तिनं कापसाचा बोळा ओला केला, तेवढ्यात सरांनी तिचा हात धरला. "अगं वेडे, तो हिंगूळ आहे! थडग्यातला. इट्रुस्कन लोक मृतांसाठी ते लाल खनिज वापरायचे. सत्तावीसशे वर्षांचा पुरावा तू कापसानं पुसणार?" तिनं जीभ चावली आणि अहवालात लिहिलं: 'फटींत प्राचीन हिंगुळाचे अवशेष. धुऊ नये.' खाली सही: विभावरी टिपणीस. सरांच्या गाजलेल्या पुस्तकात त्या हिंगुळावर एक अख्खं प्रकरण होतं. पिन खरी असल्याचा तोच तर मोठा दाखला.

आता तिनं डागाच्या टोकावर पाण्याचा एक थेंब सोडला. रंग पळाला.

हिंगूळ दगड असतो हो. तो पाण्यात विरघळत नाही, थेंबात नाही आणि बादलीतही नाही. विरघळतो तो सोनाराच्या कागदाचा रंग. ही पिन कधीतरी, धुतल्यावर ओली असतानाच, गुलाबी कागदात गुंडाळली गेली होती. आणि कागदपत्रं तर सांगत होती की ती नव्वद वर्षं एका स्विस घराण्याकडे होती आणि तिथून थेट दुबईला आली. स्वित्झर्लंडात कोण गुंडाळतंय सोनं गुलाबी कागदात?

सिंह आपल्याकडे घडले होते. कुणा रवाकाम करणाऱ्या सोनाराच्या भट्टीपाशी.

विभावरी स्टुलावर बसली. उद्या यंत्र येणार होतं. हिंगुळात पारा असतो. यंत्राला पारा सापडला नसता. मग पिनेचं नाहीसं होणं कुणाला हवं होतं? विकायची होती त्याला? छे! हिला तपासणीतून वाचवायचं होतं त्याला. जगात असा माणूस एकच होता.

नाही, नाही. सर नाहीत. सर आठ वीसला आले, दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकून.

नीरव साडेसातला आला. झाडाखाली आधीच गाडी उभी होती.

आणि साडेआठला तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ती गाडी कुणाची ते. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर झाडाखाली होता. चोरी करायला आलेल्या माणसानंही ऑगस्टच्या सकाळी सावली सोडली नव्हती. इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप स्टिअरिंग तिकडे वळवतो.



५

पिन इमारतीतच होती. सगळ्या खोल्या शोधून झाल्या होत्या. सगळ्या? एक सोडून.

ती धावतच आपल्या खोलीत आली. टेबलावर मातीची पेटी होती, इट्रुस्कन लोकांची अस्थी ठेवायची. झाकणावर नवरा-बायको मेजवानीला शेजारी शेजारी रेलून बसलेले, त्याचा हात तिच्या खांद्यावर. ग्रीकांना हे बघवायचं नाही म्हणे: बायको नवऱ्याला खेटून पंगतीला बसते! सर हे इतकं रंगवून सांगायचे की वर्ग हसून लोळायचा. आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, "देवळं, गटारं, राजाचा झगा, सगळं रोमनं यांच्याकडून घेतलं. आणि मग यांची भाषासुद्धा गिळली. चेल्यानं गुरूला खाल्लं, मुलांनो."

पेटीचं झाकण हलू नये म्हणून परवा तिनं चार कोपऱ्यांत मेणाचे ठिपके लावून प्रत्येक ठिपका अंगठ्यानं दाबला होता. आज तीन ठिपक्यांवर तिच्या अंगठ्याचा ठसा होता. चौथा गुळगुळीत होता, तो कोपरा उचलून कुणीतरी घाईनं पुन्हा दाबलेला.

तिनं झाकण उचललं. तळाशी पांढऱ्या कागदात पिन होती.

या खोलीच्या किल्ल्या तीन. एक तिच्याकडे, एक सुमैय्या मॅडमच्या तिजोरीत, एक सरांकडे. पेटी पुढच्या आठवड्यात दुरुस्तीला इटलीला जाणार होती, सरांबरोबर, सरांच्या सहीनं बंद होऊन, आणि सीलबंद पेटी दारावरच्या यंत्रातून कुणी नेत नव्हतं. किती नीट विचार केला होता! आणि तोवर पिन सापडली असती, तर कुणाच्या टेबलावर सापडली असती?

तिनं फोन उचलला. "सर, जरा माझ्या खोलीत याल का?"

बाराला वीस मिनिटं होती.

६

सर आले, त्यांनी पिन पाहिली आणि दार लावून घेतलं. काही विचारलं नाही. त्यावरूनच तिला सगळं कळलं.

तिनं कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, सिंहाच्या पाठीवरून फिरवला आणि त्यांच्यासमोर धरला. बोळा गुलाबी झाला होता.

"पहिल्या वर्षाचा पहिला तास," विभावरी म्हणाली. "आधी पाणी, मग मत. तुम्हीच शिकवलंत. एकदाच माझं पाणी लावायचं राहिलं, सर. कारण माझा हात तुम्ही धरलात."

देवस्थळी सर खुर्चीत बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोल्हापूरच्या एका कारागिरानं केली होती," ते म्हणाले. "वर्गात दाखवायला म्हणून. इतकी सुंदर झाली, विभा! एका दलालानं बघितली, म्हणाला, कागद मी करतो. मी नाही म्हणायला हवं होतं. मग पुस्तक झालं, ही नोकरी झाली. एकदा उंच चढल्यावर उतरायचं कसं?"

"म्हणून बाबाजीला ढकललंत?"

"अगं, पिनच सापडली नाही तर पुरावा काय? चार महिने ठेवतील आणि देतील पाठवून. तो गावी जाईल, मासे मारील. त्याचं काय एवढं..." ते थांबले. "माझ्या नावाचं बघ. तुझ्याही. अहवालावर सही तुझी आहे. तू तोंड उघडलंस तर तुला उभ्या जगात कुठलं संग्रहालय दारात उभं करणार नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"त्याचा दोष एवढाच की तो लेकीला बघायला लवकर आला. आणि खिळ्यावरचं त्याचं कार्ड तुम्ही घेतलंत." तिनं बोळा टेबलावर टाकला. "ते जाऊ दे. मला एकच सांगा. माझ्या खोलीत का ठेवलीत?"

"तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. तुझी खोली कोण शोधणार?"

"आणि शोधली असती तर?"

सर झाकणावरच्या त्या नवरा-बायकोवरची धूळ बोटानं पुसू लागले.

"बोला ना! शोधली असती तर तुम्ही म्हणाला असतात, ही माझी विद्यार्थिनी आहे, हिला सोडा, पिन मी ठेवली? की कपाळावर हात मारून म्हणाला असतात, विभा असं करेल असं वाटलं नव्हतं?"

 सोळा वर्षं ज्या माणसाला ती वडिलांच्या जागी मानत आली होती, त्याला एका प्रश्नाचं खोटं उत्तरसुद्धा देता आलं नाही. ते मिळालं असतं तर तिनं कदाचित अजूनही विश्वास ठेवला असता. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग संताप आला, डोकं फुटेल इतका.

ती दार उघडून बाहेर गेली आणि सुमैय्या मॅडमना घेऊन आली.

सांगायला दहा मिनिटं लागली. गुलाबी डाग, घाम फुटलेली पिन, पाण्याचा थेंब, झाडाखालची गाडी, मेणाचा ठिपका, तीन किल्ल्या. सरांनी एकदाही अडवलं नाही. शेवटी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वी ही पिन तपासून हिंगूळ कुणी लिहिला?"

सर मान वर करून विभावरीकडे बघू लागले. अजूनही संधी होती. 'सरांनी सांगितलं तसं लिहिलं' म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं.

"मी," विभावरी म्हणाली. "पाणी न लावता. सही माझी आहे."

"याचा अर्थ तुला कळतो?"

"कळतो, मॅडम."

पोलीस एक वाजता आले आणि बाबाजीऐवजी देवस्थळी सरांना घेऊन गेले. जाताना ते तिच्याजवळ क्षणभर थांबले, जणू आशीर्वाद द्यायचा आहे. तिनं मान वळवली.

बाबाजीला दोनदा सांगावं लागलं, तेव्हा कुठे तो स्टुलावरून उठला. खिळ्यावरचं कार्ड त्यानं काढून गळ्यात घातलं. मग टेबलावरच्या पिनेकडे बघून सवयीनं हात जोडले आणि गोंधळून थांबला.

"मॅडम, म्हणजे ही खोटी?"

"सोनं खरं आहे, बाबाजी."

"मगे हात जोडूक हरकत नाय." आणि त्यानं जोडले. "तुमचा काय जातला आता?"

"बघू. तुम्ही आधी नर्मदाताईंना फोन लावा, समिधाला पेढे द्यायला सांगा."

दोन वाजता विभावरी खोलीची किल्ली जमा करून, यंत्रातून, रिकाम्या हातांनी बाहेर आली. चौकशी संपेपर्यंत घरी बसायचं होतं, आणि चौकशीनंतर काय ते तिला ठाऊकच होतं. तिची गाडी सकाळपासून उन्हात तापत होती. तिनं ओढणीत गुंडाळून स्टिअरिंग धरलं, तरी चटका बसलाच, आणि मग तिला जे रडू आलं ते थांबेना. पलीकडे कडुनिंबाखाली सरांची गाडी अजून सावलीत उभी होती.